गप्प बसण्याचा नियम

अक्का, तू गेल्यानंतर या शहरावर बऱ्याच आपत्ती कोसळल्या, पण त्यांतली सर्वांत मोठी गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर येऊन उभी राहिली आहे. ते कॉफीचं यंत्र आहे. आधीच्या कपाबद्दल अभिप्राय दिल्याशिवाय ते पुढचा कप देत नाही. पडद्यावर चेहरे दाखवतं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मी प्रामाणिक बाई, रडका दाबला. तर त्यानं विचारलं, नेमकं काय खटकलं? चव, तापमान की एकूण अनुभव? मागे रांग खोळंबलेली, कुणीतरी घसा खाकरतंय, आणि मी माझ्या एकूण अनुभवाचा विचार करत उभी. शेवटी 'एकूण अनुभव' दाबलं. यंत्रानं माझे मनापासून आभार मानले आणि दूध संपल्याचं कळवलं. प्रशासनाकडे लेखी तक्रार केली, तर तक्रार करताना कसं वाटलं यावर त्यांनी अभिप्राय मागितला. तेव्हा आता दाद मागायला तूच उरलीस. तू गोड कधीच बोलली नाहीस, पण निदान दूध असायचं.

हे सगळं मी घसा साफ करायला सांगितलं, ते तुला कळलंच असेल. मनात आहे ते वेगळंच आहे. आज रविवार आहे आणि उद्या सकाळपर्यंत मला एका गोष्टीला हो म्हणायचं होतं किंवा नाही म्हणायचं होतं. ती गोष्ट तुझी आहे. माझ्याकडे नुसती सांभाळायला आहे.

मी निपाणीहून बेंगळुरूला आले तेव्हा तुमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी मल्लेश्वरमला एका साड्यांना फॉल-बिडिंग करणाऱ्या दुकानाच्या वर होती. दोन खोल्या, आणि जिन्यात कायम इस्त्रीचा वास. मुलाखत तू घेतलीस. मी मोठ्या ऐटीत इंग्रजीत उत्तरं दिली आणि तू मध्येच मराठीत विचारलंस, "जेवून आलीस का?" ते मराठी ऐकून मला हसू आवरेना. तुझ्या घराण्यानं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी इकडे आणलं, बरणीत भरलं, वरून कन्नड मोहरी फेसून घातली आणि झाकण लावलं. आमच्या आजीच्या आजीनंही वापरले नसतील असे शब्द तुझ्या तोंडी, आणि थोडं म्हणायचं तिथे 'स्वल्प', बरं म्हणायचं तिथे 'सरी'. मी हसले ते तू पाहिलंस. म्हणालीस, निपाणीची ना, जिभेला तंबाखूचा झणका असणारच, चालेल. नोकरी लागली. वर्षभर मी तुला 'अक्का, तुम्ही' म्हणत राहिले. मग एकदा तू वैतागलीस. अक्का म्हणतेस आणि तुम्ही म्हणतेस, एक काहीतरी धर. मी 'तू' धरलं. ते अजून सोडलेलं नाही.

पॅटर्न हा शब्द मी कॉलेजात परीक्षेपुरता पाठ केला होता. पुस्तकात आकृत्या असायच्या, चौकोनातून चौकोनाकडे बाण. तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंस की पॅटर्न कुणी शोधून काढत नसतं. तेच दुखणं तीन वेगळ्या घरांत आलं, तिथल्या माणसांनी एकमेकांना न विचारता साधारण तेच औषध दिलं आणि गुण आला, तर बसून लिहून काढायचं. दुखणं काय, ते कोणत्या घरात होतं, औषध काय, आणि औषधानं दुसरं काय दुखायला लागतं. वर एक नाव द्यायचं. नाव असलं की पुढच्या माणसाला तासभर समजावावं लागत नाही, अर्ध्या वाक्यात काम होतं. आपण प्रोग्रॅम लिहिणारी माणसं एकमेकांचं फार कमी वाचतो, असं तू म्हणायचीस. जो तो स्वतःच्या चुलीवर स्वतःच भाजून घेतो आणि त्याला अनुभव म्हणतो.

शनिवारची बैठक तुझ्या स्वयंपाकघरात असायची, कारण बाहेरच्या खोलीत तुझे सासरे टीव्ही लावून बसलेले. आम्ही पाच-सहा जण, कुणी पाटावर, कुणी गॅसच्या सिलिंडरवर. ज्यानं पॅटर्नचं पान लिहून आणलं असेल त्याचं दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, मग सगळ्यांनी त्यावर बोलायचं, आधी चांगलं काय ते, मग काय जमलं नाही ते. आणि लिहिणाऱ्यानं अवाक्षर काढायचं नाही. हा नियम पॅटर्न लिहिणाऱ्यांच्या जगात सगळीकडे आहे, तू काही तो घडवला नाहीस. तू त्यात भर घातलीस ती अवरेकाईची. थंडीत मल्लेश्वरमच्या बाजारात त्या शेंगांचे ढीग लागतात, आपल्या पावट्याची ही थोरली बहीण. शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढायचा. हे काम लिहिणाऱ्याचं. हात गुंतलेले आणि मान खाली, त्यामुळे तोंडही आपोआप बंद राहतं. शेंगांचा हंगाम नसला की लसूण.

माझं पहिलं पान होतं पुन्हा प्रयत्नाचं. एका संगणकानं दुसऱ्याला निरोप धाडला आणि उत्तर आलं नाही, तर थोडं थांबून तोच निरोप परत धाडावा. साधी गोष्ट. मी ती अशी लिहिली होती की जणू वीज मीच शोधली. वाचन झालं, दोघा-तिघांनी भाषा छान आहे म्हटलं, मी दाणे दाबत मनातल्या मनात हार घालून घेत होते. तू सार ढवळत होतीस, पाठ आमच्याकडे. वळलीसही नाहीस. म्हणालीस, उपाय लिहिलाय, दुखणं कुठंय? कुणाच्या घरात, कधी, काय मोडलं म्हणून हा उपाय? मी तोंड उघडलं. तू पळी वर केलीस. मी तोंड मिटलं. मग तू विचारलंस, सगळ्यांना, मला नाही:

"मी इथून ओरडले, सारात मीठ घाल. उत्तर आलं नाही. मी परत ओरडले. आता सारात मीठ किती?"

खरं तर मला उत्तर सुचलं होतं. निरोप पोचला असेल आणि फक्त 'हो' परत येताना हरवला असेल, तर मीठ दोनदा पडणार. घशापर्यंत आलं होतं, पण नियम होता. लेखक खोलीत नसतोच असं तू म्हणायचीस. वाचणाऱ्यासमोर कागद असतो, आपण नसतो. म्हणून आत्ताच नाहीसं व्हायचं, आपण नसताना आपला कागद काय बोलतो ते ऐकायचं. त्या दिवशी माझा कागद मुका निघाला.

त्यानंतर प्रत्येक पानाला तू एक शेवटचा परिच्छेद लावून घेतलास. हा उपाय कुठे करू नये, आणि ते आपल्याला कशावरून कळलं. मी त्याला मथळा काय द्यायचा विचारलं, तर तू फोडणीकडे बघत म्हणालीस, "लिही, स्वल्प थांबा." मी तेच लिहिलं. मराठी नाही, कन्नड नाही, इंग्रजी तर नाहीच. पण पुढे कंपनीतली तमिळ पोरंसुद्धा विचारायला लागली, याचं स्वल्प थांबा काय? एकच अट होती. कुठे भाजलं ते लिहायचं, कुणी भाजून घेतलं ते लिहायचं नाही. नावं घातली की लोक पुढच्या खेपेला भाजलेलं लपवतात, असं तुझं म्हणणं. त्यामुळे आपल्या पानांत चुका अनाथ आहेत, पण आहेत.

मी स्वतंत्र घर केलं तेव्हा तू मला स्टीलचा कॉफी फिल्टर दिलास. वरून पाणी ओतलंस आणि मी आतल्या पुडीवरच्या चकतीवर बोटानं दाब द्यायला गेले, लवकर उतरावं म्हणून. तू हात बाजूला केलास. दाबू नको, उतरू दे. मी अजून दाबते, अक्का. एवढा धीर कुणाला आहे?

तू गेलीस. ते मला ऑफिसात कळलं, दुपारी, फोनवरून, आणि फोन ठेवल्यावर मी अर्धवट लिहिलेली ओळ पूर्ण केली, हे मला नंतर विचित्र वाटलं. दोन वर्षांनी कंपनी एका मोठ्या कंपनीनं गिळली. त्या वेळी मोठ्या लोकांना आपल्या पानांचं फार कौतुक वाटलं. सगळी पानं त्यांच्या मोठ्या साठ्यात गेली, छान रंगीत पट्ट्या आल्या, आणि कुणीतरी 'स्वल्प थांबा'चं 'लिमिटेशन्स' केलं. मी भांडले नाही. मला त्या साठ्याची राखणदार नेमलं होतं, पगारही वाढला होता. राखणदार म्हणजे काय, तर माझ्या होकाराशिवाय पानातली एक ओळ हलत नाही. आता आम्ही मुख्यतः दवाखान्यांसाठी काम करतो. डायलिसिस केंद्रांच्या वेळा लावणं, कुठल्या रुग्णाला कुठल्या दिवशी कुठलं मशीन, हे आमचा प्रोग्रॅम ठरवतो.

आता नवल ऐक. प्रोग्रॅम आता पुष्कळसा यंत्रच लिहितं, एआय म्हणतात ते. माणूस काय हवं ते सांगतो, यंत्र आपला साठा वाचतं आणि त्यातले पॅटर्न वापरून लिहून देतं. आणि ते काय करतं माहितीये? शेवटचा परिच्छेद वाचतं. तुझी शपथ. इतक्या वर्षांत माणसांनी तो परिच्छेद वाचल्याचं मी फारसं पाहिलं नाही. वरचा उपाय उचलायचा, चिकटवायचा आणि जेवायला जायचं, ही आमची रीत. हे यंत्र मात्र खालपर्यंत जातं आणि परत येऊन विचारतं, हाच निरोप दोनदा पोचला तर चालेल का? मीठ दोनदा पडलं तर? ते शब्द वेगळे वापरतं, पण प्रश्न तुझाच. मी पहिल्यांदा तो पडद्यावर पाहिला तेव्हा खुर्ची मागे सरकवून उठले आणि उगाच खिडकीपर्यंत जाऊन आले.

लोकांना ते आवडत नाही. त्यांना काम उरकायचं असतं, आणि यंत्र शंका काढत बसतं. कॉफीचं यंत्र एवढे प्रश्न विचारतं, त्याचं कुणाला काही नाही. पण हे अडलं की वेळ जातो, आणि वेळ किती गेला याचा एक आलेख असतो, तो लाल होतो. आमचा नवा साहेब पुण्याचा आहे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार, आणि खरंच वाईट नाही. चार वर्षं इथे राहून कन्नड फक्त 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' एवढंच शिकला आहे, आणि त्यावरच तो लिफ्टपासून पगारवाढीपर्यंत सगळीकडे लोकांना जरा सांभाळून घ्यायला लावतो. त्यानं तोडगा काढला. सगळ्या पानांमधून लिमिटेशन्स काढून टाकायच्या. हटवायच्या नाहीत म्हणे, दुसरीकडे ठेवायच्या, यंत्राची नजर जाणार नाही अशा जागी. माणसांना हव्या असतील तर त्या शोधू शकतात. मी मनात म्हटलं, माणसं डोळ्यांसमोर होतं तेव्हा वाचत नव्हती.

गेल्या गुरुवारी त्यावर बैठक झाली. राखणदार म्हणून मी होते, साहेब होता, आणि आनेकलची आमची एक सहकारी होती. तिच्याबद्दल तुला सांगायला हवं. पस्तिशीची असेल, घरात कन्नड, माझ्याशी तोडकं मराठी मुद्दाम बोलते, कारण माझं कन्नड ऐकवत नाही असं तिचं म्हणणं. तोंडाळ आहे. तुला आवडली असती आणि तू ते कधीच कबूल केलं नसतंस.

तिनं काही महिन्यांपूर्वीची एक गोष्ट सांगितली. त्यांच्या गावाकडचे एक आजोबा आठवड्यातून तीनदा शहरात डायलिसिसला येतात, पहाटेच्या बसनं. सुनेनं फोनवरून वेळ लावली. आमच्या प्रोग्रॅमनं केंद्राला निरोप धाडला, उत्तर उशिरा आलं, प्रोग्रॅमनं परत धाडला. एकाच माणसाच्या एकाच वेळेच्या दोन नोंदी झाल्या. रात्री साफसफाई करणारा दुसरा एक प्रोग्रॅम आला, त्याला ही चूक वाटली आणि त्यानं दोन्ही पुसल्या. सकाळी आजोबा पोचले तेव्हा त्यांच्या मशीनवर दुसरंच कुणी होतं. आमची ही त्याच दिवशी दुसऱ्या कामासाठी त्या केंद्रात गेली होती. तिनं त्यांना पाहिलं. पायांना सूज, धाप लागलेली, संध्याकाळपर्यंत बाकावर. संध्याकाळी कुणाची तरी वेळ मोकळी झाली म्हणून निभावलं. ते ओरडले नाहीत, तिनं सांगितलं. तिला कंपनीची म्हणून कुणीतरी दाखवलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की सुनेचं काही चुकलं का. "आम्ही एकदाच सांगितलं होतं, अम्मा." ते वाक्य तिनं कन्नडमध्येच सांगितलं. मग साहेबाकडे बघून इंग्रजीत म्हणाली की ज्यानं तो भाग लिहिला होता त्यानं आपल्या साठ्यातूनच उचलला होता, वरचा अर्धा. यंत्र खालचा अर्धा वाचतं. आणि तुम्ही तोच कापायला निघालात.

साहेबाला खरंच वाईट वाटलं होतं, मी पाहिलं. मग म्हणाला की घटना गंभीरच आहे, पण अशी घटना एक, आणि यंत्र अडतं दिवसातून शेकडो वेळा, बहुतेक वेळा उगाच. सगळ्याच सूचना धोक्याच्या म्हटल्या की कुणी कुठलीच पाळत नाही. हेही खोटं नाही, अक्का. आपल्या पानांत काही 'स्वल्प थांबा' निव्वळ हौसेनं लिहिलेली आहेत, त्यातली चार-दोन माझी. मग तो माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "मॅडम, तुमचं काय म्हणणंय? ओनर तुम्ही आहात."

मी काही म्हटलं नाही.

त्या क्षणी मला ते मोठं शहाणपणाचं वाटलं, हेच तुला सांगायचंय. पान माझं होतं. पुन्हा प्रयत्नाचं ते पहिलं पान, त्यातलं मीठ, सगळं माझं. आणि आपल्या पानावर चर्चा चालू असताना लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं. इतकी वर्षं हाडीमासी भिनलेलं. तो प्रश्न विचारत होता आणि मी मान खाली घालून बसले, हात टेबलाखाली, बोटांची चिमूट होऊन दाबतायत आपोआप. दाणे नव्हते, तरी. साहेबानं वाट पाहिली. मग त्याला वाटलं माझी हरकत नाही. ठीक आहे, सोमवारपर्यंत अप्रूव्ह करा, म्हणाला, आणि बैठक संपली.

आनेकलची माझ्यामागोमाग जिन्यात आली. मला वाटलं भांडेल. तिनं शांतपणे विचारलं, का गप्प बसलात? मी तिला आपली बैठक सांगितली, तुझं स्वयंपाकघर, अवरेकाई, लेखक खोलीत नसतो, सगळं. जरा रंगवूनच सांगितलं. ऐकणाऱ्याला हसू यावं अशा बेतानं मी नेहमीच सांगते, मला त्याची सवय आहे, तुला माहीत आहे. ती हसली नाही.

"तिथं वाचत कोण होतं, मॅडम? तिथं कापत होते. आणि तुम्ही खोलीत होता."

एवढं बोलून ती खाली गेली. मी जिन्यातच उभी राहिले. खालून कुणीतरी डबा घेऊन वर येत होता, त्याला वाट द्यायला भिंतीला टेकले, आणि तो गेल्यावरही टेकूनच राहिले.

चार दिवस मी तुझ्याशी भांडते आहे. भाजी चिरताना, मेट्रोत, नवरा काहीतरी सांगत असताना. तू आम्हाला प्रत्येक उपायाखाली लिहायला लावलंस की हा कुठे करू नये. मग त्या एका नियमाखाली का नाही लिहिलंस? गप्प बसणं कुठे करू नये? चुलीपाशी, ओळखीच्या पाच माणसांत, जिथे बोलणाऱ्यांना कागद सुधारायचाच आहे, तिथे लिहिणाऱ्यानं गप्प बसणं हे औषध आहे. पण मी ते घर सोडून आले, औषध तेवढं पर्समध्ये घालून आणलं आणि दिसेल तिथे घेत सुटले. वरचा अर्धा उचलला. आठवून पाहिलं तर मथळ्याचं 'लिमिटेशन्स' झालं तेव्हाही मी असंच सोज्वळ गप्प बसले होते, आणि त्याला मोठेपणा समजले होते. जिभेचा झणका मी सगळा कॉफीच्या यंत्रावर, साहेबाच्या कन्नडवर आणि नवऱ्याच्या भाचीच्या लग्नावर खर्च केला. जिथे एक सरळ वाक्य लागत होतं तिथे शिल्लक नव्हतं.

आणि मग मला असं वाटतं की मी तुझ्यावर अन्याय करते आहे. तू स्वतः कधी गप्प बसलीस? गिऱ्हाइकाच्या माणसानं येऊन तारीख अलीकडे ओढायला सांगितली तेव्हा तू त्याला चहा दिलास आणि 'होणार नाही' म्हणालीस, कन्नडमध्ये, इंग्रजीत आणि त्याला समजत नसलेल्या तुझ्या मराठीत. आम्ही दाराआडून ऐकत होतो. ते कुणी लिहून ठेवलं नाही. बैठकीत आम्ही तुझी पानं शिकलो आणि ते दाराआडचं ऐकून विसरलो. लिहिलेलं तेवढंच शिकण्यासारखं असतं असं आम्हाला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. तू नाही शिकवलंस. पण तू लिहिलंही नाहीस. ही माझी तक्रार आहे, आणि हिच्यावर तू आता काही बोलू शकत नाहीस. हेही मला बोचतंय.

आज दुपारी, जेवणं झाल्यावर, मी साहेबाला लिहिलं. आधी चार परिच्छेद झाले, त्यात बरेच टोमणे होते, चांगले जमलेले. ते सगळे काढले. उरलं ते असं, की मी हा बदल मंजूर करणार नाही. गुरुवारी मी गप्प होते त्याचा अर्थ होकार नव्हता, आणि तसं मी तेव्हाच बोलायला हवं होतं. कोणत्या सूचना उगाच आहेत ते एकेक पान घेऊन बसून ठरवू, मी आठवडाभर रोज बसायला तयार आहे, माझ्या हौसेच्या सूचनांपासून सुरुवात करू. पण यंत्राच्या नजरेआड त्या जाणार नाहीत, निदान माझ्या हातानं नाही. पाठवलं. रविवार असून अर्ध्या तासात उत्तर आलं. त्यानं माझे आभार मानले, स्पष्टपणाची कदर आहे म्हणाला, आणि शेवटी लिहिलं की मग कदाचित ओनरशिपबद्दल उद्या बोलायला लागेल. फार सभ्यपणे लिहिलंय. म्हणजे साठा दुसऱ्या कुणाकडे जाईल, तो दुसरा कुणी हो म्हणेल, आणि 'स्वल्प थांबा' एखाद्या तळघरात जाईल. असंही होईल. किंवा तो खरंच बसेल माझ्याबरोबर एकेक पान घेऊन. मला सांगता येत नाही, आणि छातीत जे धडधडतंय ते धैर्य वगैरे नाही, घराचे हप्ते अजून बाकी आहेत त्याची ती धडधड आहे.

एक राहिलं. आनेकलचीनं त्या आजोबांच्या दिवसानंतर एक नवं पान लिहिलं होतं, दोन नोंदी मुळात एकच आहेत हे कसं ओळखावं याचं, आणि पहिलं वाचन मी करावं म्हणून माझ्याकडे दिलं होतं. आपल्यात रीत होती की ज्याचं कुणी नीट वाचलं, त्यानं पुढे कुणाचं तरी नीट वाचायचं. माझं तू वाचलंस. तिचं माझ्याकडे उन्हाळ्यापासून पडून होतं. वेळ नव्हता असं मी तिला सांगितलं होतं. खरं कारण हे की पहिल्या दोन ओळींतच मला कळलं होतं की तिला दुखणं लिहिता येतं, मला कधीच जमलं नाही इतकं, आणि पुढे वाचायची इच्छा झाली नव्हती.

साहेबाचं उत्तर बंद करून मी ते उघडलं आणि शेवटपर्यंत वाचलं. जिथे समजलं नाही तिथे विचारलं, जिथे आवडलं तिथे तसं लिहिलं, टोमणा एकही मारला नाही. आत्ता, दिवे लागायच्या वेळेला, तिला परत पाठवलं.